प्रकाशाची साक्ष, गणिताचा निवाडा

इ. स. १८४२ मध्ये इटलीतील पादुआ येथे शास्त्रज्ञांची परिषद भरली असता, व्हेरोना शहरी वैद्यकी करणारा दोमेनिको रिगोनी-स्टर्न नावाचा एक गृहस्थ काही कोष्टके घेऊन तीत बोलावयास उभा राहिला. १७६० पासून १८३९ पर्यंतच्या ऐंशी वर्षांत आपल्या शहरात जी माणसे मृत्यू पावली त्यांच्या नोंदींचे दप्तर चाळून, त्यांतील कर्करोगाने दगावलेल्यांची वय, विवाह, वैधव्य आणि वैराग्य यांप्रमाणे त्याने वर्गवारी लावली होती; आणि त्या वर्गवारीवरून त्याच्या ध्यानात असे आले होते की, गर्भाशयाचा कर्करोग विवाहित व विधवा स्त्रियांत ज्या प्रमाणात आढळतो त्या प्रमाणात तो अविवाहितांत आढळत नाही, आणि मठात राहणाऱ्या जोगिणींच्या वाट्याला मात्र स्तनाचा कर्करोग इतरांहून अधिक येतो. गर्भाशय आणि गर्भाशयमुख असा भेद त्या काळच्या मृत्युनोंदी करीत नसत. तथापि ज्यास आज आपण गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणतो त्याचीच सावली त्या कोष्टकांत पडली होती, यात फारसा संशय नाही. शरीरसंबंधातून पसरणारा जो विषाणू या रोगाच्या मुळाशी असतो, तो जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला १९८३ साली; म्हणजे रोगाचे कारण नळीत सापडण्यापूर्वी १४१ वर्षे त्याचा माग आकड्यांना लागला होता.

मुंबईतही पुढे असेच घडले. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये शहराची कर्करोग नोंदणी सुरू केली, ती या देशातील अशा प्रकारची पहिली. आणि तिच्या ताळेबंदात पारशी स्त्रियांच्या नावे स्तनाचा कर्करोग अधिक व गर्भाशयमुखाचा कमी, आणि हिंदू स्त्रियांच्या नावे बरेचसे याच्या उलट, असा फरक दिसून आला. उशिरा होणारे विवाह आणि थोडी अपत्ये ही पारशी समाजाची रीत ज्यांना ठाऊक होती त्यांना या फरकाचे फारसे नवल वाटले नाही. पाहण्यासारखे आहे ते इतकेच की, व्हेरोनात जोगिणी आणि मुंबईत पारशिणी तुलनेचा दुसरा पक्ष म्हणून उभ्या होत्या म्हणून पहिल्या पक्षाची कैफियत समजली. प्रकाशाच्या साहाय्याने गर्भाशयमुखाचा कर्करोग बाल्यावस्थेत पकडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सांगताना लिहिणारे बहुधा भिंगे, दिवे आणि लेसर यांची वंशावळ सांगतात. मला मात्र असे वाटते की तो इतिहास या दुसऱ्या पक्षाचा आहे: प्रत्येक वेळी कोणाला कोणाशी ताडून पाहिले, आणि ताडून पाहण्यासाठी जी स्त्री उभी केली तिची संमती कोणी विचारली होती काय.

प्रथम जागेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या अंगास चपट्या पेशींचे अनेकपदरी अस्तर असते आणि आतील नलिकेस उभट पेशींचे एकपदरी. या दोहोंची सरहद्द वयाप्रमाणे आणि बाळंतपणांप्रमाणे सरकत राहते, आणि या सरकत्या टापूतच विषाणू ठाण मांडून बसतो. बहुसंख्य स्त्रियांचे शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत हुसकावून लावते. ज्यांच्या शरीरात तो टिकून राहतो त्यांच्या अस्तराचे पदर तळापासून वरपर्यंत हळूहळू बिघडत जातात, आणि हा बिघाड तळपटल भेदून खाली उतरेपर्यंत, म्हणजे त्यास कर्करोग हे नाव मिळेपर्यंत, बहुधा दहा किंवा अधिक वर्षे लोटतात. या अवधीत वेदना नाही, रक्तस्राव नाही, गाठ नाही. तो बिघडलेला तुकडा याच अवधीत हाती लागला, तर अतिशीत सळईने गोठवून किंवा तापलेल्या तारेच्या फासाने काढून, त्याच दिवशी स्त्रीला घरी पाठविता येते. एवढा सोपा उपाय असूनही २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे आपल्या देशात सुमारे १ लाख २४ हजार स्त्रियांना हा रोग जडला व ७७ हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. सगळे अस्तर एक मिलिमीटरहूनही पातळ, आणि रोगाची सारी पूर्वतयारी त्या पातळ पदरात चाललेली, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण निळसर-जांभळा प्रकाश शरीरात शिरतो तो जवळपास तेवढाच.

या पूर्वतयारीचा दाखला पेशींत शोधावा ही कल्पना दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी निघाली. बुखारेस्टच्या आउरेल बाबेश यांनी १९२७ च्या जानेवारीत प्लॅटिनमच्या तारेच्या फाशाने गोळा केलेल्या पेशींवरून निदान करण्याची आपली रीत जाहीर केली. आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेतील बॅटल क्रीक येथे, न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठात काम करणारे ग्रीक वैद्य जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी आपला शोध मांडला. त्याची त्या वेळी कोणी फारशी पत्रास ठेवली नाही. १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्यासमवेत त्यांनी निबंध प्रसिद्ध केला तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले, आणि आज दवाखान्यांत पॅप स्मिअर म्हणून जी चाचणी करतात तिला त्यांचे अर्धे नाव चिकटले. बाबेश यांचे नाव मागे पडले, हा न्याय नव्हे. पण माझे लक्ष अधिक वेधते ते पापानिकोलाऊ यांच्या पत्नीकडे. रोगट पेशी ओळखावयाच्या तर आधी निरोगी पेशी महिन्याच्या तिसाव्या दिवशीही कशा दिसतात हे ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक व्हावे म्हणून आन्द्रोमाखी बाईंनी वर्षानुवर्षे रोजच्या रोज स्वतःच्या पेशींचा नमुना पतीच्या काचपट्टीवर दिला. पती-पत्नी दोघेही प्रयोगशाळेत, एक सूक्ष्मदर्शकाच्या अलीकडे व दुसरी पलीकडे. तुलनेचा दुसरा पक्ष असा स्वेच्छेने आणि इतक्या चिकाटीने या शास्त्राच्या इतिहासात क्वचितच उभा राहिला असेल.

त्याच काळात जर्मनीत हान्स हिन्सेलमान या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९२५ मध्ये कॉल्पोस्कोप तयार केला: दोन डोळ्यांची भिंगे, जवळच एक प्रखर दिवा, आणि सगळे एका घोडीवर बसविलेले. श्लेष्मा पुसून काढण्यासाठी तो ॲसेटिक आम्लाचे पातळ द्रावण वापरी. आणि ते लावल्यावर काही जागा क्षणभरात दुधाळ पांढऱ्या होतात व थोड्या मिनिटांत पूर्ववत् होतात, असे त्याच्या दृष्टीस पडले. जेथे पेशी दाट, केंद्रके मोठी आणि प्रथिने पुष्कळ, तेथे आम्लाने ती प्रथिने गोठल्यासारखी होऊन आत शिरणारा प्रकाश उलट बाहेर फेकला जातो, म्हणून ती जागा पांढरी दिसते. सारांश, स्वयंपाकघरातील शिरक्याच्या जातीची ही चाचणी मुळात प्रकाशाच्या विकिरणाचीच चाचणी आहे, फक्त तिच्यात मापनाचे यंत्र म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा. व्हिएन्नाच्या वॉल्टर शिलर यांनी याच सुमारास आयोडीनची चाचणी काढली. निरोगी अस्तर त्याने तपकिरी होते, रोगट तसेच फिके राहते.

हिन्सेलमानची कथा येथेच संपली असती तर बरे झाले असते. आउश्विट्झच्या छळछावणीतील मुख्य नाझी वैद्य एडुआर्ड विर्ट्स आणि त्याचा भाऊ हेल्मुट हे या संशोधनाच्या नादी लागले होते; दहाव्या क्रमांकाच्या बराकीत कोंडलेल्या ज्यू स्त्रियांची गर्भाशयमुखे कॉल्पोस्कोपने तपासून, त्यांची छायाचित्रे घेऊन, कित्येकींची ती कापून काढून तपासणीसाठी हाम्बुर्गकडे रवाना करण्यात आली. स्वतः हिन्सेलमानला १९४६ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने जिप्सी स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीत भाग घेतल्याबद्दल तुरुंगवास फर्मावला. कॉल्पोस्कोपचा शोध याहून जुना, त्यामुळे यंत्रावर या कृत्याचा डाग नाही असे म्हणता येईल, आणि म्हटलेही जाते. तरी ज्या पाठ्यपुस्तकांत हिन्सेलमानचे चित्र छापतात त्यांत निदान चार ओळी त्या बराकीविषयी असाव्यात, असे मला वाटते.

डोळ्याची मर्यादा ही की तो पांढरेपणा पाहतो, पण पांढरेपणाचे कारण पाहत नाही. सूज, विषाणूचा तात्पुरता संसर्ग, नव्याने भरून येणारे अस्तर, ही सारी शिरक्याने पांढरी होतात. तेव्हा परत येणाऱ्या प्रकाशाला त्याच्या रंगांसकट पृथक् करून विचारावे, की बाबा, तू आत कोणाकोणाला भेटलास? हा विचार सुचण्यासाठी लागणारी विद्या मात्र रुग्णालयात जन्मास आली नाही. १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी दाखविले होते की काही पदार्थ अदृश्य जांभळ्यापलीकडचा प्रकाश गिळून त्याऐवजी स्वतःचा दृश्य प्रकाश सोडतात. यास आपण अनुस्फुरण म्हणू. १९२४ मध्ये लियाँच्या आल्बेर पोलिकार यांनी अशा दिव्याखाली गाठी धरल्या तेव्हा त्यांतील काही तांबूस चमकल्या. आणि कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन निळ्या समुद्राच्या विचारात होते. १९२१ साली विलायतेहून नार्कुंडा बोटीने परतताना त्यांनी निकोल लोलकातून भूमध्य समुद्र पाहिला, त्याचा निळेपणा केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे अशी त्यांची खात्री झाली, आणि २६ सप्टेंबर रोजी बोट मुंबई बंदरात असतानाच त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकासाठी तसे टिपण लिहून काढले. त्या टिपणाची सांगता २८ फेब्रुवारी १९२८ रोजी बहूबाजार रस्त्यावरील २१० क्रमांकाच्या वास्तूत झाली: द्रवावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला असता बहुतेक सारा प्रकाश त्याच रंगाने परततो, पण कोटीतून एखादा किरणकण पदार्थाच्या रेणूला आपली थोडी ऊर्जा देऊन किंवा त्याच्याकडून घेऊन रंग बदलून येतो, आणि किती बदलून आला यावरून रेणूची ओळख पटते. रामन आणि के. एस. कृष्णन् यांना एकेका द्रवाचे छायाचित्र मिळविण्यास तासचे तास काच उघडी ठेवावी लागे. (ज्या तारखेस हा शोध लागला त्याच तारखेस, १९४१ साली, परळचे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. इतिहासकाराने असल्या योगायोगांना थारा देऊ नये हे मला कळते. पण मोह आवरला नाही.)

साक्षीदार मिळाला, त्याच्या साक्षीचे वजन ठरविणारा न्यायाधीश अजून मिळावयाचा होता, आणि तोही कलकत्त्यासच, रामन यांच्या प्रयोगशाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावरील प्रेसिडेन्सी कॉलेजात तयार होत होता. प्रशांतचंद्र महालनोबिस तेथे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९२० मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले, तेथे प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक नेल्सन ॲनन्डेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा आपल्या संग्रही असलेला साठा त्यांच्या स्वाधीन केला व त्यातून काही अर्थ निघतो काय ते पाहावयास सांगितले. दोन समूह एकमेकांपासून किती दूर, हा प्रश्न तेव्हापासून महालनोबिसांच्या मागे लागला. उंची, डोक्याची लांबी, नाकाची रुंदी अशी दहा मापे घेतली तर दहाही फरकांची नुसती बेरीज करून भागत नाही, कारण मापे एकमेकांत गुंतलेली असतात. शिंपी ज्याप्रमाणे गिऱ्हाईक उंच दिसले की बाहीही लांब लागणार हे टेप लावण्यापूर्वीच जाणतो आणि बाही लांब निघाली म्हणून चकित होत नाही, त्याप्रमाणे गणितानेही उंचीतून आपोआप येणाऱ्या फरकास नवा फरक म्हणून दुसऱ्यांदा मोजता कामा नये. आणि ज्या मापात माणसामाणसांत मुळातच फार चढउतार असतो त्यातील फरकास, ज्यात फारसा चढउतार नसतो त्यातील फरकापेक्षा, कमी भाव द्यावा. ही तजवीज करून महालनोबिसांनी अंतर काढण्याचे जे सूत्र १९३६ मध्ये पूर्णत्वास नेले ते आज जगभर त्यांच्या नावाने चालते. त्याच वर्षी इंग्लंडात रोनाल्ड फिशर यांनी दोन समूहांमधून सर्वांत स्पष्ट भेदरेषा कशी काढावी हे सांगितले. बंगालच्या जातींवर आपले गणित चालवून महालनोबिसांनी असे दाखविले होते की बंगाली ब्राह्मण हे शरीरमापांनी दूरदेशीच्या ब्राह्मणांपेक्षा शेजारच्या बंगाली जातींनाच अधिक जवळचे आहेत. नाकाच्या मापावरून माणसाची प्रत ठरविणाऱ्या त्या काळातील साहेबी शास्त्राला हा एक शांत चिमटाच होता. रामन आणि महालनोबिस एकाच शहरात, एकाच विषयाचे प्राध्यापक म्हणून वावरत असता, आपली दोन कामे पुढे एका स्त्रीच्या तपासणीच्या खाटेपाशी एकत्र येतील ही कल्पना त्यांच्या स्वप्नातही नव्हती.

ती एकत्र आणली लेसरने, सूक्ष्म प्रकाशमापकांनी आणि संगणकाने. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात रॉबर्ट अल्फानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगद्रव्य न टोचता, केवळ लेसरच्या प्रकाशाने, निरोगी व कर्करोगी ऊतींच्या अनुस्फुरणात फरक दाखविला. त्यानंतर दहा वर्षांनी, टेक्सासमध्ये निर्मला रामानुजम्, रिबेका रिचर्ड्स-कॉर्टम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत स्त्रीच्या गर्भाशयमुखावर हा प्रयोग करून त्याचा जो वृत्तान्त १९९४ मध्ये प्रसिद्ध केला, तो या विद्येच्या इतिहासातील मैलाचा दगड मानला जातो. म्हणून त्याचा तपशील जरा जवळून पाहू. स्त्रिया २८. प्रथम नेहमीप्रमाणे कॉल्पोस्कोपने पाहणी. मग क्वार्ट्झच्या बारीक तंतूंची जुडी असलेली सळई निवडलेल्या जागेवर अलगद टेकवून नायट्रोजन लेसरचे ३३७ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे झोत. त्याच जुडीतील दुसऱ्या तंतूंनी परतणारा निळसर प्रकाश वर्णपटमापकाकडे. अशा ११५ जागा तपासल्या, त्यांपैकी ६६ निरोगी आणि ४९ बिघडलेल्या. अस्तराखालील कोलॅजेनचे धागे या प्रकाशात उजळतात; पेशींतील श्वसनाशी संबंधित एक सहविकर, जो ‘एनएडीएच’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो, तोही आपल्या परीने उजळतो; आणि रक्तातील हिमोग्लोबिन मध्येच प्रकाश गिळून टाकते. एकाच स्त्रीच्या निरोगी जागेकडून बिघडलेल्या जागेकडे गेले असता कोलॅजेनचा उजेड घटला, रक्ताची गिळंकृती वाढली आणि पेशींच्या उजेडाचा सापेक्ष वाटा वाढला, असे त्यांना दिसून आले.

एकाच स्त्रीच्या, हे शब्द येथे महत्त्वाचे. कारण एका स्त्रीच्या निरोगी जागेचा उजेड आणि दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी जागेचा उजेड यांत जे अंतर पडे, ते कित्येकदा निरोगी व रोगट यांतील अंतराहूनही मोठे असे. म्हणून उजेडाची निरपेक्ष पातळी हा काही दाखला होऊ शकत नव्हता, आणि प्रत्येक स्त्रीची तिच्याच दुसऱ्या जागेशी रुजवात घालावी लागली. या रीतीने त्यांनी बिघडलेल्या जागांपैकी शंभरांत ९२ ओळखल्या आणि निरोगी जागांपैकी शंभरांत ९० निरोगी म्हणून सोडल्या. आकडे उत्तम. पण कडव्या वाचकाने येथे दोन शंका घ्याव्यात. पहिली अशी की, बिघडलेल्या जागांचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहून झाला, तर निरोगी जागांचा कॉल्पोस्कोपच्या डोळ्याने. ज्या स्त्रीत संशय नाही तिचा तुकडा कापणे नीतीस धरून नाही, हे खरेच, पण त्यामुळे नव्या साक्षीदाराची परीक्षा घेणाऱ्यांत जुना साक्षीदारच बसला. दुसरी शंका प्रमाणाची. प्रयोगातील जागांत जवळजवळ निम्म्या बिघडलेल्या होत्या. गावातील स्त्रियांची स्थिती तशी नसते. समजा १००० स्त्रियांत १० जणींना खरोखर हा बिघाड आहे, आणि हीच चाचणी हीच यशस्विता राखून त्यांना लावली. दहांपैकी नऊ सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगींपैकी शंभरांत दहा या हिशेबाने ९९ जणींवर विनाकारण संशय येईल. संशयित १०८, खरे रुग्ण ९. धर्मोपदेशक टॉमस बेझ यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा रोख हाच आहे: साक्ष किती सबळ याच्याइतकेच, आरोप मुळात किती संभवनीय होता, हेही निवाड्यात धरावे लागते. वर्णपटाच्या गणितज्ञांनी पुढे बेझ यांचे सूत्र आपल्या रीतीतच बसविले, ही त्यांची समज म्हणावयाची.

याहून अवघड गोम दुसरीच. रामन वर्णपट घेतला तर एका जागेचे सुमारे हजार आकडे हाती येतात, आणि स्त्रिया असतात पन्नास किंवा शंभर. खातेवहीत रकाने हजार आणि ओळी पन्नास असल्या म्हणजे, आडनावातील अक्षरांच्या संख्येवरूनसुद्धा कर्जबुडवे आणि परतफेड करणारे वेगळे पाडता येतील, इतके गणित लवचीक होते. म्हणून आधी हजार आकड्यांचा गोषवारा चार-सहा मुख्य घटकांत काढतात, ज्याची रीत कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्येच घालून दिली होती. मग एकेका स्त्रीला बाजूला ठेवून, उरलेल्यांवरून भेदरेषा काढून, ती रेषा बाजूला ठेवलेल्या स्त्रीला ओळखते काय हे पाहतात. जेथे हे पथ्य पाळलेले नाही तेथे शंभर टक्के यशाचे दावे आढळतात, आणि असे निबंध थोडे नाहीत. कानपूरच्या आय. आय. टी.त असीमा प्रधान यांनी ध्रुवित प्रकाशाने विकिरणाचा व रक्ताच्या शोषणाचा अडथळा बाजूस सारून निर्भेळ अनुस्फुरण वेगळे काढण्याचे, आणि बंगालमधील सहकाऱ्यांच्या साहाय्याने वर्णपटातील व विकिरणातील बारीकसारीक चढउतारांचे पृथक्करण करण्याचे जे काम केले, ते या पथ्याच्या जाणिवेतून झालेले दिसते.

व्यापारात मात्र या विद्येला यश लाभले नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका कंपनीने ‘लुमा’ नावाचे यंत्र तयार करून त्यास २००६ मध्ये सरकारी मान्यता मिळविली, तीही कॉल्पोस्कोपची पाहणी उरकल्यावर जास्तीची मदत म्हणून. पुढे कंपनी व यंत्र दोन्ही विकली गेली आणि दवाखान्यांचा शिरस्ता बदलला नाही. इकडे मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांत जो दीर्घ प्रयोग चालविला, त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी पातळ ॲसेटिक आम्ल आणि कापसाचा बोळा घेऊन, नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. सुमारे दीड लाख स्त्रिया. अर्ध्यांची ठरावीक वर्षांनी तपासणी, अर्ध्यांना केवळ रोगाची माहिती. बारा वर्षांअखेर तपासलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि २०१३ मध्ये शिकागो येथे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी हे निष्कर्ष मांडले तेव्हा जगभर त्यांचा गवगवा झाला. दरम्यान बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाने उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचे चार गट पाडून असे दाखविले होते की, विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. त्याच प्रयोगात शिरक्याच्या चाचणीस मात्र तसे स्पष्ट यश आले नाही.

या प्रयोगांवर जे वादळ उठले ते तपासणी न मिळालेल्या गटावरून. पॅप स्मिअरची उपयुक्तता जगाला ठाऊक असता हजारो स्त्रियांना केवळ माहिती देऊन तुलनेसाठी बाजूस ठेवणे न्याय्य आहे काय, असा प्रश्न विदेशी व देशी टीकाकारांनी विचारला. या देशात गरीब स्त्रीला तशीही कोणती तपासणी मिळत नाही, तेव्हा न तपासणे हीच येथील रूढ स्थिती, असे प्रयोगकर्त्यांचे उत्तर. दोन्ही बाजू मी वाचल्या आहेत. उत्तर तर्कास धरून असले तरी त्यातील ‘तशीही’ हा शब्द मला पटत नाही. सरकारच्या हेळसांडीस शास्त्राने मोजपट्टी म्हणून वापरले की हेळसांडीला एक प्रकारची सनद मिळते. तथापि हेही कबूल केले पाहिजे की, तो गट नसता तर ३१ हा आकडा नसता, आणि तो आकडा नसता तर बोळा व शिरका घेऊन निघालेल्या आरोग्यसेविकेवर कोणत्याही आरोग्य खात्याने विश्वास टाकला नसता.

वर्णपटाची विद्या सध्या याच तुलनेच्या प्रश्नापाशी, पण निराळ्या वाटेने, येऊन ठेपली आहे. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधनसंस्था आहे. तेथे मुरली कृष्णा यांच्या प्रयोगशाळेने ७८५ नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्याच्या किंचित पलीकडचा, लेसर वापरून स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचे रामन वर्णपट तपासणीच्या वेळीच, तुकडा न काढता, घेतले. या रंगाच्या प्रकाशाने ऊतींचे अनुस्फुरण फारसे जागे होत नाही, म्हणून रामनचा दुबळा संदेश त्याखाली बुडून जात नाही. रामन यांना जेथे तासचे तास लागत तेथे आता काही सेकंद पुरतात. निरोगी जागेत कोलॅजेनच्या रेषा ठळक, गाठीत केंद्रकाम्लांच्या व इतर प्रथिनांच्या. पण टेक्सासमध्ये जी अडचण आली तीच येथेही: पाळी गेलेल्या स्त्रीचे अस्तर पातळ, चार बाळंतपणे झालेलीचे निराळे, आणि अमेरिकेतील स्त्रियांवरून काढलेली भेदरेषा उचलून बार्शीच्या स्त्रियांस लावावी तर तिचा भरवसा नाही. तेव्हा २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात त्यांनी असे करून पाहिले की, प्रत्येक स्त्रीच्या योनिभित्तीचाही वर्णपट त्याच बैठकीत घ्यावयाचा आणि गर्भाशयमुखाची तुलना त्याच्याशी करावयाची, जेणेकरून दुसरी कोणतीही स्त्री मध्ये आणावी लागू नये. रचनेने दोन्ही अस्तरे चपट्या पेशींचीच, वय एक, रक्त एक, महिन्याचा दिवस एक. अडचण उरते ती अशी की हाच विषाणू योनिभित्तीतही वस्ती करू शकतो आणि वाढलेली गाठ कधी तिच्यापर्यंत पसरलेली असते. म्हणून तुलनेस घेतलेली ती जागा निरोगी आहे, हे आधी वैद्याला नेहमीच्या रीतीने तपासून घ्यावे लागते.